गॅस वाढवला, मग खत किती? लातूरच्या एका बंद खोलीचा हिशोब

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, कारण थोडं गणित आहे. घाबरू नका, शाळेतल्या त्रैराशिकाच्या पुढे जाणार नाही.

झालं असं, की लातूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, गॅस सोडायलो तरी लेट्यूसची पानं आतून जळायलीत. दुकानदार म्हणतो खत कमी पडायलंय. खत वाढवलं तर अजूनच जळायलीत. नेमकं करू काय?"

मी फोन केला. घर मोठं आहे, वरची दहा बाय दहाची खोली पूर्वी क्लासेसच्या पोरांना भाड्यानं जायची. ती रिकामी झाल्यावर यानं एसी लावला, लोखंडी रॅकवर एलईडी दिवे टांगले, पाइपमधून खताचं पाणी फिरवलं आणि लेट्यूस लावलं. गावातल्या दोन-तीन हॉटेलांना देतो. नंतर कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आणलं. नेटवर कुठंतरी वाचलं, "गॅस दिला की खत दीडपट करा." केलं. आणि गड्ड्याच्या मधली कोवळी पानं कडेनं तपकिरी पडली. हॉटेलवाला असा गड्डा घेत नाही. अख्खी एक बॅच गेली.

मला वाटलं पाच मिनिटांत उत्तर देऊ. दोन रविवार गेले.

आधी गॅसचं थोडक्यात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत साधारण सव्वाचारशे भाग. दिवे चालू असलेल्या बंद खोलीत झाडं तो झपाट्यानं खातात आणि पातळी बाहेरच्यापेक्षा बरीच खाली जाते. तेव्हा झाड उपाशीच असतं. खिडकी उघडली तर हे फुकटात भरून निघतं, पण एसी लावून लातूरच्या मे महिन्यात खिडकी कोण उघडणार? म्हणून सिलिंडर. ८०० ते १००० पीपीएमपर्यंत नेलं की लेट्यूस, टोमॅटो, काकडी यांची वाढ वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकते. हे दिवे पुरेसे असतील तरच. दिवे कमी असतील तर सिलिंडरवरचा पैसा हवेत गेला, अगदी शब्दशः. आणि १००० वरून १५०० वर नेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

आता खत. "वाढ दीडपट म्हणून खत दीडपट" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय. एक म्हणजे पूर्ण बॅचला लागणारं एकूण खत. दुसरी म्हणजे एका लिटर पाण्यात किती खत. मेसमध्ये पोरं वाढली तर आपण वरण जास्त करतो, वरणात मीठ दुप्पट घालत नाही. म्हणजे झाडानं जास्त पाणी प्यायलं तर त्याबरोबर जास्त खत आपोआप जाईल, ताकद बदलायची गरज नाही. बरोबर?

इथंच मी पहिल्या रविवारी चुकलो. कारण गॅस वाढला की झाड पाणी जास्त पीत नाही. पानावरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, ही झाडाची खिडकी. तिच्यातून गॅस आत येतो आणि त्याच वेळी पाण्याची वाफ बाहेर जाते. बाहेर गॅस भरपूर असला की झाड खिडकी अर्धवट लावून घेतं. काम तेवढ्यात भागतं, पाणी वाचतं. म्हणजे वाढ जास्त आणि तेवढ्याच वाढीला पाणी कमी. पोरं भाकरी जास्त खातायत आणि वरण कमी पितायत, असा प्रकार. मग त्या कमी वरणात मीठ थोडं वाढवावं लागेल की नाही?

अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठात ब्रूस बगबी नावाचे प्राध्यापक आहेत, बंदिस्त शेतीतलं मोठं नाव. ते या प्रश्नाकडे फार सोप्या पद्धतीनं बघतात. एक किलो कोरडी वाढ व्हायला झाड साधारण ३०० ते ४०० लिटर पाणी उडवतं. हवा कोरडी असली तर जास्त. गॅस वाढवला तर हाच आकडा २०० किंवा त्याच्याही खाली येऊ शकतो. झालं, एवढाच आकडा पाहिजे.

लेट्यूसच्या कोरड्या वजनात नायट्रोजन साधारण ४ टक्के धरू. म्हणजे एक किलो कोरड्या लेट्यूसमध्ये ४० ग्रॅम नायट्रोजन. हे ४० ग्रॅम जर ४०० लिटर पाण्यातून यायचे असतील, तर लिटरला १०० मिलिग्रॅम पुरे. ३०० लिटरमधून यायचे तर १३३. २०० लिटरमधूनच यायचे तर २००. झाड तेच, पान तेच, पण पाण्यातली ताकद दुप्पट. आणि हेच झाड नांदेडला एप्रिलमध्ये गच्चीवर जाळीखाली ठेवलं, कोरड्या गरम हवेत किलोला ५०० लिटर उडवायला लागलं, तर ८० मिलिग्रॅममध्ये भागेल. तिथं २०० दिलं तर पाणी उडून जाईल आणि मीठ टाकीत साचत जाईल.

म्हणून "गॅस दिला की दीडपट" हे सूत्रच नाही. तुमच्या खोलीत एक किलो कोरड्या वाढीला किती लिटर लागतं, ते मोजल्याशिवाय खताचा आकडा काढता येत नाही. दुसऱ्याच्या खोलीचा आकडा तुमच्या कामाचा नाही, भले तो यूट्यूबवर कितीही आत्मविश्वासानं सांगत असो.

मोजायचं कसं? टाकीत रोज जेवढं पाणी वरून टाकता ते वहीत लिहा. काढणीला सगळं लेट्यूस मुळांसकट तोला. त्यातलं १०० ग्रॅम चिरून उन्हात आणि मग मंद आचेवर वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा. ५ ग्रॅमच्या आसपास उरेल. संपलं.

आमच्या श्रोत्याकडे वही होती, हे विशेष. शेवटची चांगली बॅच, गॅस चालू केल्यानंतरची पण खत वाढवण्याआधीची: पाणी १९० लिटर, मुळांसकट माल १८ किलो. पाच टक्क्यांनी कोरडं वजन ९०० ग्रॅम. म्हणजे किलोला २१० लिटर. नायट्रोजन लागणार ३६ ग्रॅम, भागिले १९०, म्हणजे लिटरला १९० मिलिग्रॅम.

आता गंमत ऐका. तो कृषी सेवा केंद्रातलं १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम टाकत होता. त्यातला नायट्रोजन किती? १९ टक्के, म्हणजे बरोबर १९० मिलिग्रॅम. कागदावर नेमका! त्यानं दीडपट केलं तेव्हा २८५ झाला.

मग चांगल्या बॅचमध्येही दोन-चार गड्ड्यांची पानं जळलेली होतीच, ती का? (हे त्यानं खोदून विचारल्यावर सांगितलं.) कारण १९:१९:१९ हे शेतासाठी, ठिबकसाठी बनलेलं खत आहे. पोत्यावरचा बारीक मजकूर वाचा: त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात. पाइपमधल्या पाण्यात ती फौज नाही. दुसरं म्हणजे त्यात स्फुरद लेट्यूसच्या गरजेच्या जवळपास तिप्पट पडतं. आणि तिसरं, कॅल्शियम शून्य.

"पण दादा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे की! हीटरवर थर बसतो." खरंय. लातूर-नांदेडखाली काळा पाषाण आहे, आणि त्यातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटवालं. पण त्याच्या टाकीच्या तळाशी पांढरा गाळ बसत होता. जास्तीचं स्फुरद, पाण्यातलं कॅल्शियम आणि आठच्या वर गेलेला पीएच, हे तिघं भेटले की कॅल्शियम फॉस्फेट होऊन खाली बसतं. दोन्ही अन्नं वाया.

आणि समजा गाळ नसता, कॅल्शियम पाण्यात विरघळलेलंच असतं, तरी पान जळू शकतं. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला मुख्य मुद्दा आहे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं. एकदा जुन्या पानात गेलं की तिथून निघून नव्या पानात जात नाही. बाहेरची मोठी पानं वाफ सोडतात, पाणी ओढतात, त्यांना मिळतं. गड्ड्याच्या पोटातली कोवळी पानं गुंडाळलेली, तिथं हवा हलत नाही, वाफ उडत नाही, पाणी येत नाही, म्हणून कॅल्शियमही येत नाही. त्यात गॅसमुळं वाढीचा वेग वाढलेला आणि पर्णरंध्रं अर्धवट मिटलेली. मागणी वर, पुरवठा खाली. टाकीत माल आहे, पण गल्लीत टेम्पो शिरत नाही.

अशा वेळी खत वाढवणं म्हणजे गोदामात अजून पोती रचणं. उलट पाण्यात मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढायला जड जातं, आणि अमोनिया व पोटॅश हे कॅल्शियमच्या वाटेत आडवे येतात. म्हणून दीडपट केल्यावर जास्त जळलं.

उपाय स्वस्त आहे: पंखा. वरून खाली, थेट गड्ड्यांवर हळू वारा जाईल असा. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठानं लेट्यूससाठी जी पद्धत लिहून ठेवलीय, तिच्यात डोक्यावर असा पंखा आहे तो याचसाठी. दिवे बंद असताना मात्र खोली थोडी दमट राहू द्या. रात्री मुळांचा दाब पाणी वर ढकलतो आणि ते आतल्या पानांपर्यंत पोचतं. शिवाय शेवटचे दहा दिवस गॅस ७०० पीपीएमवर आणला तर वेग जरा कमी होतो आणि माल वाचतो.

खताचं मी त्याला असं सुचवलं. १९:१९:१९ बंद. लिटरला कॅल्शियम नायट्रेट ०.६ ग्रॅम, १३:००:४५ पण ०.६ ग्रॅम, आणि ००:५२:३४ फक्त ०.१२ ग्रॅम. नायट्रोजनची बेरीज साधारण १७० येते. १९० पर्यंत मुद्दाम नेलं नाही, कारण वर चढवणं सोपं, साचलेलं मीठ काढायला टाकी ओतून द्यावी लागते. मॅग्नेशियम सल्फेट बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल बघून. सूक्ष्म अन्नद्रव्यं चिलेटेड. पीएच ६ च्या आसपास. त्यासाठी फॉस्फोरिक आम्ल वापरत असाल तर ००:५२:३४ तेवढं कमी करा, नाहीतर स्फुरद परत वाढेल. घट्ट द्रावणं करून ठेवायची तर कॅल्शियम नायट्रेटचा डबा वेगळा. सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर घट्ट मिसळलं की दही होतं.

त्यानंतर रोज ईसी मीटर. पाण्याची पातळी उतरतेय आणि ईसी पण उतरतोय, म्हणजे झाड पाण्याच्या मानानं खत जास्त खातंय, तर वरून टाकायचं पाणी थोडं तगडं करा. ईसी चढत असेल तर थोडं पातळ. आमच्यासारख्यांना हे लगेच कळतं, लॉग बघून सेटिंग बदलायची. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र उडी मारू नका, तीन-चार दिवसांचा कल बघा. आणि गॅस दिल्यावर पान किंचित फिकट झालं तर घाबरून नायट्रोजन ओतू नका. जास्त गॅसमध्ये पानात साखर-पिष्ट वाढतं आणि त्या मानानं नायट्रोजनचं प्रमाण उतरतं. तो दर वेळी आजार नसतो.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. बंद खोलीत झाडानं उडवलेलं पाणी जातं कुठं? एसीच्या नळीतून बाहेर. त्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. पिऊ नका, पण जड बोअरच्या पाण्यात मिसळलं की ते मऊ होतं, म्हणजे आरओवर पैसे आणि पाणी दोन्ही घालवायची गरज नाही. ज्या गावानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी बघितलंय, त्या गावात एसीचं पाणी गटारात सोडणं मला तरी बघवत नाही.

आता तुमच्यापैकी अर्धे म्हणतील, आमच्याकडे एसीची खोली नाही, घरची पाच एकर सोयाबीन आहे, आमचा काय संबंध? संबंध आहे. हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत हा गॅस ३१५ पीपीएमच्या आसपास होता. आता ४२० च्या वर. म्हणजे सिलिंडर न आणता आपल्या सगळ्यांच्या शेतात गॅस सोडला गेलाय. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००१ पासून उघड्या शेतात सोयाबीनभोवती नळ्या लावून ५५० पीपीएम गॅस देऊन बघितला गेला. उत्पादन साधारण १५ टक्के वाढलं. आपल्या जवळ, हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत, वरून उघड्या कक्षांमध्ये उडीद, तूर, एरंड अशा पिकांवर असेच प्रयोग झालेत. ज्वारी, मका, ऊस यांना विशेष फायदा नाही, कारण गॅस पानात गोळा करून वापरायची सोय त्यांनी आधीच करून ठेवलीय.

पण खोलीतला घोळ शेतातही आहेच. २०१४ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ५५० पीपीएमच्या आसपास वाढलेल्या गव्हात जस्त ९ टक्क्यांनी कमी निघालं, तांदळात प्रथिनं ८ टक्क्यांच्या आसपास कमी. सोयाबीनची प्रथिनं जवळपास टिकली, कारण मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन आणून देतात. जस्त आणि लोह मात्र त्यातही उतरलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ही दोन आधीच अडकून बसतात. तेव्हा सोयाबीनला युरियाची गोणी वाढवण्यापेक्षा माती तपासून जस्ताचं बघा. बाकी पावसाचं गणित इतकं मोठं आहे की गॅसचे १५ टक्के त्यात कधी बुडाले कळायचंही नाही.

परत लातूरच्या खोलीत येतो, कारण एक गोष्ट त्यानं फोन ठेवता ठेवता सांगितली.

त्याआधी गॅसचा हिशोब. दहा बाय दहा बाय दहा फूट म्हणजे २८ घनमीटर. त्यात ६०० पीपीएम वाढवायला लागतो फक्त १७ लिटर गॅस, वजनात ३० ग्रॅम. एवढंसंच. पण दारं-फटींतून तासाला एकदा हवा बदलत असेल, तर तेवढाच दर तासाला गळतो, सोळा तास दिव्यांचे म्हणजे दिवसाला अर्धा किलो. म्हणून आधी फटी बुजवा, मग सिलिंडर. काही जण गूळ आणि यीस्ट आंबवून गॅस करायचा व्हिडिओ पाठवतात. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा गॅस निघतो. अर्धा किलो गॅसला रोज किलोभर गूळ. त्यापेक्षा खाल्लेला बरा.

तर तो म्हणाला, "दादा, दुपारी अण्णा तिथंच झोपतेत. घरात एसी तेवढाच."

अण्णा म्हणजे वडील. खाली सतरंजी टाकून.

मी तिथंच कॅल्क्युलेटर उघडला. दहा किलोचं सिलिंडर व्हॉल्व्ह बिघडून रिकामं झालं, तर साडेपाच घनमीटर गॅस होतो. त्या बंद खोलीच्या हवेचा जवळपास सहावा हिस्सा. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मर्यादा आहे ५००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का. चार टक्क्यांना तर ताबडतोब जिवाला धोका मानतात. सहावा हिस्सा म्हणजे १६-१७ टक्के. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, सिलिंडरमधून थंड होऊन निघतो, आधी जमिनीलगत पसरतो. सतरंजीच्या उंचीवर. त्याला वास नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होतं. ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, दोरीनं कंदील खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. आत धान्यानं श्वास घेऊन घेऊन हाच गॅस भरलेला असतो. फक्त कंदिलावर आज विसंबू नका, तो विझेपर्यंत पातळी फार वर गेलेली असते.

त्याला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, आणि हे खताच्या आधी करायचं. सिलिंडर खोलीबाहेर, साखळीनं भिंतीला बांधलेलं, आत फक्त बारीक नळी. व्हॉल्व्ह असा, की वीज गेली की आपोआप बंद होईल. लोडशेडिंगचा भरवसा नाही आणि अंधारात झाडाला या गॅसचा उपयोगही नाही. दोन सेन्सर: एक झाडांच्या उंचीला गॅस चालू-बंद करायला, दुसरा जमिनीपासून हातभर उंचीवर, भोंग्यासकट, स्वतःच्या बॅटरीवर. आकडा दाराबाहेर दिसला पाहिजे. आत माणूस जायचा तर गॅस बंद, दार उघडं. झोपायला तर नाहीच.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. पंखा लावलाय, नवं खत चालू केलंय, ईसी रोज लिहितोय, काढणीला अजून दोन आठवडे आहेत. भोंगा दाराजवळ बसवलाय. अण्णांची सतरंजी आता पुढच्या खोलीत, कूलरसमोर. कूलरमध्ये पाणी एसीच्या बादलीतलं.